सहकुटुंब इंग्लंड, पण लंडन सोडून: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात आम्ही पाच जण इंग्लंडच्या जुन्या गावांमधून दहा दिवस हिंडून आलो. आई (वय ७२, उजवा गुडघा कुरकुरणारा), आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा मुलगा. तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. एकदाचं लिहून टाकते. दर आणि वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या सारख्या बदलतात. जायच्या आधी त्या त्या ठिकाणच्या वेबसाइटवर बघून घ्या.

दहा दिवसांत काय काय बघून होतं?

हवं तर वीस गावं होतात. आम्ही सहा-सातच केली आणि तरी एक जास्तच झालं असं वाटतं.

आमचा बेत सोपा होता: बाथमध्ये तीन रात्री, कॉट्सवोल्ड्स या जुन्या खेड्यांच्या टापूत मोरटन-इन-मार्शला चार, यॉर्कला तीन. रोज बॅगा भरायच्या नाहीत. सकाळी निघायचं, एक-दोन ठिकाणं बघायची, मुक्कामी परत. प्रवासी कंपन्यांची पत्रकं याच्या अगदी उलट असतात: सकाळी स्टोनहेंज, दुपारी बाथ, संध्याकाळी ऑक्सफर्ड, आणि झोपायला कुठल्या तरी हमरस्त्यावरचं हॉटेल. त्यात बसच्या खिडकीतून मेंढ्या तेवढ्या भरपूर दिसतात.

मुक्काम गावातच का, तर साधारण साडेदहा ते चार ही गावं बसवाल्यांची असतात. बोर्टन-ऑन-द-वॉटरला आम्ही आधी दुपारी गेलो, तर विंडरश नदीच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती, अक्षरशः चतु:शृंगीची जत्रा. दोन दिवसांनी संध्याकाळी सात वाजता पुन्हा गेलो. दुकानं बंद, पार्किंग रिकामं, घोट्याएवढ्या पाण्यात बदकं आणि दगडी बुटक्या पुलावर बसलेली आमची आई. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या चार-पाच तासांसाठी मुक्कामाचे पैसे मोजायचे.

आमच्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल?

चालेल काय, उत्तमच. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात निळ्या ब्लूबेल्सचे गालिचे असतात, शेतात कोकरं असतात. फक्त तीन गोष्टी कॅलेंडरवर बघा: मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथे सार्वजनिक सुट्टीचे, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या शाळांनाही सुट्टी असते. त्या दिवसांत मुक्कामाचे दर चढतात आणि अरुंद रस्ते तुंबतात.

पावसाचं म्हणाल तर आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुरत राहतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. टोपीवाला रेनकोट न्या आणि कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या.

गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने फिरावं?

दोन्ही. शहरांसाठी रेल्वे, खेड्यांसाठी गाडी. लंडनच्या पॅडिंग्टनहून बाथ दीड तासाच्या आत येतं. तिथे स्टेशनपासून सगळं चालत होतं आणि गाडी असली तर उलट डोकेदुखी. बाथ सोडताना आम्ही गाडी घेतली, कॉट्सवोल्ड्स फिरलो, ऑक्सफर्डला परत केली आणि रेल्वेने यॉर्क गाठलं. बहुतेक वेळा मध्ये एकदा गाडी बदलावी लागते, चारेक तास जातात. परतीला यॉर्क ते लंडन दोन तास.

मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढाच. चार मोठी आणि चार मुलं एका कार्डावर प्रवास करू शकतात: मोठ्यांना एक तृतीयांश सूट, ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के. आपल्यासारख्या पाहुण्यांनाही ते काढता येतं. निदान एक मूल बरोबर असावं लागतं.

आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का? भीती वाटते.

फिरायला आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. शिवाय रस्त्याची डावी बाजू, म्हणजे अर्धी भीती तिथेच गेली. उरलेली अर्धी मात्र खरी आहे.

पहिली गोष्ट, समोरच्याने दिवे लुकलुकवले की आपल्याकडे अर्थ होतो, ‘मी येतोय, बाजूला हो.’ तिथे बहुतेक वेळा अर्थ होतो, ‘तू ये आधी.’ माझा नवरा पहिल्या दिवशी एका गल्लीच्या तोंडाशी अदबीने थांबून राहिला, समोरचा ट्रॅक्टरवालाही थांबलेला. दोघं एकमेकांना दिवे दाखवतायत. शेवटी ट्रॅक्टरवाल्याने हाताने बोलावलं. पुढे जाताना पंजा किंचित वर करून आभार मानायचे, ही तिथली रीत. हॉर्न आम्ही दहा दिवसांत दोनदा ऐकला, त्यातला एक आमचाच.

दुसरी गोष्ट, गोल चौक. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि लोक खरोखरच जाऊ देतात. तिसरी, खेड्यातल्या एकेरी वाटा. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांची कुंपणं, समोर वळण, आणि मध्येमध्ये एकमेकांना वाट द्यायला रुंद केलेली जागा. मागची अशी जागा कुठे होती ते लक्षात ठेवत चालवायचं, कारण रिव्हर्स घ्यायची पाळी येतेच.

वेगाच्या पाट्या मैलांत असतात: वस्तीत बहुधा ३०, साध्या दुपदरी रस्त्यावर जास्तीत जास्त ६०, मोटारवेवर ७०. कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या गाडीवाल्यामार्फत घरापर्यंत येते, वर तो आपलं शुल्क लावतो. बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलांना त्यांच्या मापाची सीट बंधनकारक आहे. ती बुकिंग करतानाच सांगा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तेही. आणि पाच माणसं, चार मोठ्या बॅगा हा हिशेब कुठल्याच साध्या गाडीच्या डिकीत बसत नाही. आम्ही दोन बॅगा लंडनला नातेवाइकांकडे ठेवल्या.

बाथमध्ये नेमकं बघायचं काय? नुसती आंघोळीची जागा ना?

आंघोळीची जागा खरी, रोमनांच्या काळची, पण आंघोळ करता येत नाही. पाण्यात हातही घालायचा नाही. हे आधी सांगितलं नाही तर मुलं हिरमुसतात.

जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं पाणी वर येतं, दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं बघितलेल्या माणसाला वाफेचं नवल नाही. नवल आहे ते भोवतीच्या बांधकामाचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांनी मोठ्या कुंडाच्या तळाला शिशाचे पत्रे घातले, ते अजून पाणी धरून आहेत. मात्र खांबांच्या पायथ्यापासून वरचं बरंचसं, पुतळेबितळे धरून, एकोणिसाव्या शतकातलं आहे. फोटोत सगळंच रोमन वाटतं.

मला सगळ्यात आवडले ते शापाचे पत्रे. इथली मूळची देवी सुलिस. रोमन आले आणि त्यांनी तिची सांगड आपल्या मिनर्व्हाशी घातली, जशी आपल्याकडे गावच्या देवीची पार्वतीशी घातली जाते. लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर गाऱ्हाणं कोरायचे, गुंडाळायचे आणि झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० पत्रे सापडले. बहुतेक चोरीचे. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तर तो मागणं मागतो की चोराची बुद्धी जावो आणि डोळेही जावोत. दोन हातमोज्यांसाठी! आईने काचेच्या पेटीसमोर उभं राहून तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “अगदी आमच्या गावच्या गुरवासमोर घालतात तसं गाऱ्हाणं आहे की हे.” कोकणातली माणसं या दालनात जास्त वेळ थांबतील असा माझा अंदाज आहे.

वर गावात रॉयल क्रेसेंट आहे: चंद्रकोरीच्या आकारात ३० घरांची एकसंध ओळ, १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली. समोरून फोटो काढून सगळे परततात. तुम्ही मागच्या गल्लीत जाऊन बघा. दर्शनी भिंत एकाच नकाशाची, पण मागचं घर ज्याने त्याने आपल्या गवंड्याकडून बांधून घेतलं. कुठे खिडकी वर, कुठे खाली, कुणाचं पोट बाहेर आलेलं. जुन्या घरांच्या काही खिडक्या विटा-दगडांनी बुजवलेल्याही दिसतील. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, आणि कर चुकवायला लोकांनी उजेड सोडला. काही ठिकाणी नुसत्या शोभेच्या खोट्या खिडक्याही आहेत, तेव्हा दिसेल ती खिडकी कराच्या खात्यावर टाकू नका.

बाथहून ब्रिस्टल रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत आहे. तिथल्या आर्नोस व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. ते १८३३ मध्ये ब्रिस्टललाच वारले. दगडी छत्री थेट आपल्याकडची वाटते. अर्धा दिवस हाताशी असेल तर जा.

स्टोनहेंज एवढ्या लांब जाऊन बघण्यासारखं आहे का?

आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. मुलगा म्हणतो, “दगड आहेत.” नवरा अजून त्याबद्दल बोलतो.

स्टोनहेंज म्हणजे माळावर वर्तुळात उभे केलेले दगड. मोठे दगड सरासरी २५ टनांचे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केलेले. त्यातले लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून आणलेले, म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटरवरून. पर्यटक केंद्रापासून दगडांपर्यंत बस नेते, त्यामुळे आईला त्रास झाला नाही. पण दोरीच्या बाहेरूनच बघायचं.

दगडांना हात लावायचा असेल तर तिथून तासाभराच्या आत असलेलं एव्हबरी गाठा. दगडांचं वर्तुळ इतकं मोठं की अर्धं गाव त्याच्या आत वसलंय, पबसकट. मेंढ्या दगडांना पाठ घासतात. दगडांपाशी जायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. मुलगा इथे मात्र दोन तास खेळला.

स्टोनहेंजला जाल तर सॉल्झबरी सोडू नका. तिथल्या कॅथेड्रलचा मनोरा १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चांत सगळ्यात उंच. राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे आहे. आणि एक लोखंडी घड्याळ आहे, १३८६ च्या सुमाराचं, ज्याला तबकडीच नाही. ते फक्त तासांचे टोले द्यायचं. घड्याळ म्हणजे काटे ही आपली समजूत तिथे गळून पडते.

कॉट्सवोल्ड्समध्ये कुठलं गाव निवडावं?

मधाच्या रंगाचा चुनखडी दगड सगळीकडे तोच, त्यामुळे तिसऱ्या गावानंतर मुलांना फरक कळेनासा होतो. बिबरीची आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ सगळ्यात प्रसिद्ध. चौदाव्या शतकात ते लोकरीचं कोठार होतं, सतराव्यात विणकरांची घरं झाली. आजही तिथे लोक राहतात, तेव्हा खिडकीला नाक लावू नका. आम्ही डोळ्यांनी बघितलंय लावताना, आणि मंडळी आपलीच होती.

मला स्वतःला चिपिंग कॅम्पडेन आवडलं. नावातलं ‘चिपिंग’ म्हणजे बाजार, आपल्या ‘पेठे’सारखं. हमरस्त्याच्या मधोमध १६२७ चा बाजाराचा मांडव आहे: दगडी कमानी, वर लाकडी छत, खाली खडबडीत फरशी. लोणी, चीज, कोंबड्या विकायला आलेल्यांना पावसात आडोसा मिळावा म्हणून बांधलेला. पाऊस आला तसे आम्हीही तिथेच शिरलो.

एवढ्याशा गावात एवढं थोरलं चर्च कसं, असा प्रश्न पडतो. उत्तर मेंढ्या. मध्ययुगात इथली लोकर युरोपभर जायची आणि व्यापाऱ्यांनी त्या पैशातून चर्चं बांधली किंवा वाढवली.

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन इथून पाऊण तासावर. शेक्सपिअरच्या जन्मघराच्या बागेत रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे. लेकीने तो शोधून काढला आणि दिवसभर त्याचा भाव खाल्ला.

तिथे आपला काही धागा सापडतो का?

सापडतो, आणि गोडच असेल असं नाही.

मोरटनजवळ सेझिनकोट नावाचा वाडा आहे. इंग्लंडच्या हिरव्या उतारावर मुघल घाटाचा कांद्यासारखा घुमट, हिरवट पडलेल्या तांब्याचा. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५ च्या सुमारास तो उभारला. बागेत सूर्याचं देऊळ आहे, पुलावर नंदी आहेत. आई सवयीने हात जोडून मोकळी झाली. वर्षातले ठरावीक महिने, ठरावीक वारीच उघडा असतो.

त्याच परिसरात डेल्सफर्ड. वॉरन हेस्टिंग्ज इथलाच. बंगालचा हाच गव्हर्नर जनरल, ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. घराण्याची गेलेली जमीन त्याने पुन्हा विकत घेतली आणि १८१८ मध्ये इथेच मेला, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. त्याची कबर छोट्या चर्चच्या आवारात आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं.

उलट्या दिशेचा धागाही आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो गावात बनारसच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. १८६४ ची, ३६८ फूट खोल, हाताने खणलेली, वर सोनेरी-तांबडी छत्री. इंग्लंडमधल्या खेड्यात पाण्याचे हाल आहेत हे ऐकून हिंदुस्थानातून पैसे गेले! शाळेत हे कुणी शिकवलं नाही आम्हाला.

ऑक्सफर्डमध्ये समरव्हिल कॉलेजच्या दारावरून जाताना मुलींना सांगा: नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी इथे कायदा शिकल्या. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, कारण बायकांना पदवी देण्याची सोयच नव्हती. केंब्रिजला जाणार असाल तर सेंट जॉन्स कॉलेज हे रँग्लर परांजप्यांचं. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल, झाले.

यॉर्कसाठी एवढं उत्तरेला जावं का?

दहा दिवस असतील तर जावं, सात असतील तर नको. शहराभोवतीची तटबंदी सुमारे साडेतीन किलोमीटर, वरून चालत फिरता येते, फुकट. काही भागांत आतल्या बाजूला कठडा नाही, लहान मुलांचा हात धरा. इथे रस्त्यांच्या नावात ‘गेट’ असतं आणि वेशीला ‘बार’ म्हणतात. आमच्या घरी यावरून पहिल्या दिवशी बराच गोंधळ झाला.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. घरांचे वरचे मजले इतके पुढे झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी-चमचा साखर देता यावी. दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. रेल्वे संग्रहालयाला प्रवेश मोफत. तिथे १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर गाठणारं वाफेचं मॅलर्ड इंजिन उभं आहे. मुलगा आणि आजी, दोघांनाही हलवणं कठीण झालं.

यॉर्क मिन्स्टर या थोरल्या चर्चचं तिकीट आहे, पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला बसायला तिकीट लागत नाही. धर्म कुठला ते कुणी विचारत नाही. शांत बसायचं, एवढंच.

ज्येष्ठांना झेपेल का?

झेपेल, जर राहण्याची खोली तळमजल्यावर मागितली तर. जुन्या घरांत लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि उभे, वर दारं बुटकी. बाथ चढउताराचं आहे, तिथे आईने टॅक्सी वापरली. बसायला मात्र जागोजागी बाक आहेत. त्यांच्यावर छोट्या पितळी पाट्या असतात, दिवंगत माणसाच्या नावाच्या: हिला इथून दिसणारी नदी आवडायची, वगैरे. आई प्रत्येक बाकावर बसण्याआधी विचारायची, “हा कुणाचा?”

शाकाहारी जेवणाचं काय?

उपाशी कुणी राहत नाही. पबमध्ये शाकाहारी दोन-तीन पदार्थ असतातच, आणि मुलांना घेऊन पबमध्ये जायला हरकत नसते. अडचण वेळेची आहे. खेड्यात दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहालाच उघडतं. आपण ‘जरा हे बघून जेवू’ म्हणतो आणि तीन वाजता चिप्सच्या पाकिटावर येतो. भाजलेला अख्खा बटाटा, वर बीन्स नि चीज, हा भरवशाचा पदार्थ.

कडक शाकाहारी असाल तर विचारायच्या गोष्टी: यॉर्कशायरकडे चिप्स, म्हणजे बटाट्याच्या गरम जाड फोडी, अनेक ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. मुलांच्या जेली-गोळ्यांत जिलेटिन असतं. पाकिटावर शाकाहारी अशी खूण असते, ती बघून घ्यावं. दुपारी चारला स्कोन (छोटा केकसारखा पाव), साय आणि जॅम हे मात्र डोळे मिटून खा. आधी साय की आधी जॅम, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात. आपण पाहुणे आहोत, गप्प बसावं.

घरून खाऊ नेता येतो का?

चिवडा, बाकरवडी, मेतकूट, चकल्या नेल्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, साजूक तूप नाही. नातेवाइकांनी ‘चितळ्यांचे पेढे आण गं’ म्हटलं तरी नाही.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर फोडणी देताना खिडकी उघडा. आम्ही मोहरी तडतडवली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही ठणाणला की शेजारचे आजोबा काठी घेऊन चौकशीला आले. वरणभात खाऊन गेले.

आणि ते... बाथरूमचं?

हा प्रश्न सगळे शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. जेट नसतो, बादली नसते. प्लास्टिकचं छोटं टमरेल बॅगेत टाका, लाजू नका. जुन्या घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात, एकाने हात भाजतो, दुसऱ्याने गोठतो. दिवा छताला लोंबणाऱ्या दोरीने लागतो. पण दोरी लाल असेल तर ओढायची नाही. ती अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहातली मदतीची घंटा असते. आमच्या चिरंजीवांनी सॉल्झबरीत ओढली. दोन बायका धावत आल्या, आणि आतून स्वच्छ मराठीत आवाज आला, “आई, लाइट लागत नाहीये!”